घरातला शिवणउद्योग आणि छतावरचं सोलर: कराच्या बाजूने ठेवलेल्या नोंदी

२८ जुलै २०२५

लातुरात राहत्या घराच्या खालच्या मजल्यावर आम्ही शाळांचे युनिफॉर्म शिवतो. मोटरच्या सहा मशीन, एक ओव्हरलॉक, दोन वाफेच्या इस्त्र्या, कामाला चार बायका. वर्षाची विक्री २४ लाखांच्या आसपास. उद्योग माझ्या नावावर, घर आणि विजेचं मीटर सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या नावावर. ते जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक आहेत.

बिल महिन्याला तीन हजारांच्या पुढे जायला लागलं, म्हणून सोलर बसवायचं ठरलं. पॅनल कसे बसवतात याची माहिती कुणालाही विचारा, मिळते. पण घरात धंदा असेल तर कराचं काय, हे विचारलं की दहा तोंडं दहा उत्तरं. आमच्यासारख्यांची गल्लीगल्लीत घरं आहेत. पापड, मसाला, शिवण, प्रिंटिंग, शिकवण्या. त्यांना उपयोग व्हावा म्हणून आकड्यांसकट लिहून ठेवते आहे.

पहिलं काम मीटरचा प्रकार पाहण्याचं. घरगुती मीटरवर शिवणकाम चालतं का, ही भीती मला बरीच वर्षं होती. वीज नियामक आयोगाच्या दर आदेशात याचं उत्तर आहे. घराच्या काही भागात व्यवसाय असला आणि वापर महिन्याला ३०० व वर्षाला ३,६०० युनिटच्या आत राहिला, तर घरगुती दरच लागतो. आधीच्या आर्थिक वर्षाची बेरीज पाहून हे ठरतं. ती ओलांडली की पुढे दुसरा दर. आमची गेल्या वर्षीची बेरीज ३,३६० आली. जवळ आहे, पण आत आहे. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, सीए यांनी राहत्या घरी चालवलेलं कामही घरगुती दरातच धरतात.

हे आधी पाहायचं कारण, पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी फक्त घरगुती जोडणीला आहे. दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किलोवॉटला ७८,००० रुपये. त्यापुढे कितीही वाढवा, ७८,००० वर थांबते.

शिवणखोलीच्या वायरवर आजच सबमीटर, म्हणजे फक्त त्या खोलीचा वापर मोजणारा मीटर, बसवला. साडेनऊशे रुपये आणि वायरमनची मजुरी. हे आधी करा, पॅनल नंतर. धंद्याचा हिस्सा किती, हा प्रश्न कराच्या प्रत्येक हिशोबात येतो आणि तोंडी अंदाज कुणी मानत नाही.

६ ऑगस्ट

दोन वेंडरकडून कोटेशन आलं. एकाच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात होतं, ‘पहिल्याच वर्षी ६० टक्के घसारा, कर वाचवा’. दुसऱ्याचा माणूस ८० टक्के म्हणत होता.

घसारा म्हणजे धंद्यातल्या यंत्राच्या किमतीचा जो भाग दरवर्षी खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करता येतो तो. ८० टक्के ही जुनी गोष्ट. आर्थिक वर्ष २०१७-१८ पासून सोलरवर घसारा ४० टक्केच आहे, शिल्लक किमतीवर दरवर्षी. ६० कुठून आले हे शोधलं तेव्हा कळलं, की उत्पादन करणाऱ्यांना नव्या यंत्रावर पहिल्या वर्षी २० टक्के जादा घसारा मिळतो, तो ४० मध्ये मिळवलेला आहे. पण त्याच कलमात लिहिलंय की राहत्या घरात किंवा कार्यालयात बसवलेल्या यंत्राला हा जादा घसारा नाही. शिवाय नवी करप्रणाली घेतली असेल तर तो कुणालाच नाही. घरातून धंदा करणाऱ्याला ६० टक्के सांगणं म्हणजे फसवणूकच. त्या वेंडरला नकार कळवला.

नावाचा प्रश्न मात्र खरा आहे. योजनेचा अर्ज मीटर ज्याच्या नावावर त्याचा, सबसिडी त्याच्याच खात्यात. घसारा मिळतो तो मालकाला. धंदा माझा, मीटर मामांचं. मग पॅनलचा मालक कोण?

मामा म्हणाले, “मीटर माझ्या नावावर आहे म्हणून तुझं काम कशाला अडायलंय? नाव बदलून घे की.”

नाव बदलायला हरकत नाही, पण घराची कागदपत्रंही त्यांच्याच नावावर, म्हणजे तिथपासून सुरुवात. बदलून पदरात काय पडेल हे आधी बघायचं ठरवलं.

१८ ऑगस्ट

दुसऱ्या एका वेंडरचं कोटेशन पटलं. तीन किलोवॉट, सबसिडीसाठी लागणारे देशी बनावटीचे पॅनल, इन्व्हर्टर, अर्थिंग, पाच वर्षांची देखभाल. मूळ किंमत १,७०,०००.

त्यावर त्याने सरसकट १८ टक्के जीएसटी लावला होता, ३०,६००. हे चूक. सोलर बसवून देण्याच्या कामात किमतीचे ७० टक्के वस्तू आणि ३० टक्के सेवा धरतात. वस्तूंवर १२ टक्के, सेवेवर १८. म्हणजे ७० वर ८.४ आणि ३० वर ५.४, एकूण १३.८ टक्के. १,७०,००० वर २३,४६०. सात हजारांचा फरक एका ओळीत. दाखवल्यावर त्याने लगेच दुरुस्त केलं. कोटेशनमध्ये कराची ओळ उघडून मागा. ‘सर्व करांसहित’ असा एकच आकडा घेऊ नका.

सही मात्र केली नाही. १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटीचे दर बदलणार असं सांगितलंय. सोलरचं काय होईल ते ठाऊक नाही, पण थांबून नुकसान होईल असं वाटत नाही. श्रावण आहे, तसंही ढगच आहेत.

४ सप्टेंबर

काल रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला. सोलरच्या वस्तू १२ वरून ५ टक्क्यांवर, २२ सप्टेंबरपासून. आता ७० वर ३.५ आणि ३० वर ५.४, म्हणजे ८.९ टक्के. १,७०,००० वर १५,१३०. एकूण १,८५,१३०. थांबल्याने ८,३३० वाचले.

सकाळीच वेंडरचा फोन. ‘आज ॲडव्हान्स भरा, बिल करून टाकतो, माल पुढच्या महिन्यात बसवतो. नाहीतर गर्दीत नंबर लागणार नाही.’ इथे सावध राहायचं. दर बदलतो तेव्हा जीएसटी कायदा तीन तारखा बघतो: काम, बिल आणि पैसे. काम २२ नंतर झालं तरी बिल आणि पैसे दोन्ही २२ च्या आधीचे असतील तर जुनाच दर लागतो. बिल २२ नंतरचं असेल, तर ॲडव्हान्स आधी दिलेला असूनही नवा दर. म्हणून नंबर धरण्यापुरते १०,००० बँकेतून पाठवले आणि मेसेजवर लिहून घेतलं, बिल २२ सप्टेंबरनंतरच.

९ सप्टेंबर

सीएंकडे बराच वेळ बसले. या कामातला सगळ्यात उपयोगाचा वेळ हाच, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं विवरणपत्र आयकराच्या ४४ एडी कलमाखाली जातं. विक्रीवर ठरावीक टक्के नफा दाखवायचा, बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६, रोखीवर किमान ८. हिशोबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. यात घसारा वेगळा मागता येत नाही. तो त्या टक्केवारीत आलाच असं कायदा धरतो. एवढंच नाही, कागदावर घसारा घेतला नसला तरी यंत्राची शिल्लक किंमत दरवर्षी घसारा घेतल्यासारखी कमी धरली जाते. उद्या मी ४४ एडी सोडलं तर तोवर पॅनलची किंमत कागदावर झिजून गेलेली असेल.

मग सोडलं तर? एकदा कमी नफा दाखवून ४४ एडीतून बाहेर पडलं की पुढची पाच वर्षं परत येता येत नाही. करपात्र मर्यादेच्या वर उत्पन्न असेल तर वह्या आणि ऑडिट दोन्ही मागे लागतात. ऑडिटची फी पॅनलच्या घसाऱ्यातून वाचणाऱ्या करापेक्षा जास्त होते, हे सीएंनी तिथल्या तिथे मांडून दाखवलं.

त्याहून मोठी गोष्ट. यंदापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सूट मिळून कर शून्य होतो. माझा नफा त्याच्या आसपासही नाही. कर शून्य असेल तर घसाऱ्याने शून्यातून काय वजा करणार? घरातून छोटा धंदा करणाऱ्या बहुतेकांची हीच गत आहे, आणि तरी प्रत्येक वेंडर घसारा दाखवूनच पॅनल विकतो.

जीएसटीचं विचारलं. माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, माझी नाही. १५,१३० चं क्रेडिट मिळावं, म्हणजे भरलेला जीएसटी विक्रीवरच्या जीएसटीतून वजा करता यावा, म्हणून मुद्दाम नोंदणी करावी का? ते म्हणाले, नोंदणी केली की विवरणपत्रं कायमची सुरू, आणि क्रेडिट मिळेल तेही धंद्याच्या हिश्श्याचंच. सबमीटरवर शिवणखोलीचा वापर ६० टक्के येतोय, म्हणजे ९,०७८ रुपये. शाळांना युनिफॉर्मवर कर लावून द्यावा लागेल तो वेगळाच. नको.

शेवटी मी विचारलं, की शिवणखोलीसाठी वेगळी व्यावसायिक जोडणी घेतली, सबसिडी सोडली आणि सगळं धंद्यात दाखवलं तर? हा सल्ला मला दोघातिघांनी दिला होता. त्याचा हिशोब घरी येऊन मांडला. अगदी वरच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यातला, जीएसटी नोंदणी असलेला माणूस धरला. सेससह ३१.२ टक्के. १,७०,००० वर सगळ्या वर्षांचा मिळून वाचणारा कर ५३,०४०, त्यात जीएसटी क्रेडिट १५,१३०. बेरीज ६८,१७०, तीही कित्येक वर्षांत विभागून. सबसिडी ७८,०००, एकदम. म्हणजे तीन किलोवॉटपर्यंत सबसिडी सोडून कराच्या मागे लागणं कुणालाच परवडत नाही, मोठ्या कमाईच्या माणसालाही नाही. मोठ्या प्लँटला गणित उलटतं, कारण सबसिडी ७८,००० वर थांबलेली असते आणि क्रेडिट, घसारा वाढत जातात.

ठरलं. अर्ज मामांच्या नावे, बिल मामांच्या नावे, निव्वळ घरगुती. नाव बदलायची गरज संपली.

१२ सप्टेंबर

पैसे माझ्या खात्यात, बिल मामांच्या नावे. मी परस्पर वेंडरला भरले तर उद्या मालकीवरून गोंधळ नको, म्हणून रक्कम आधी मामांच्या खात्यात पाठवली आणि ‘भेट’ म्हणून साध्या कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या. सुनेकडून सासऱ्यांना मिळालेली रक्कम आयकरात नातलगाची भेट धरतात, तिच्यावर कर नाही. परक्याकडून वर्षात ५०,००० च्या वर आली असती तर लागला असता. मामांना कागद करणं आवडलं नाही. “घरात कसल्या पावत्या?” पण शिक्षक माणूस, कारण सांगितल्यावर स्वतःच फाइल आणली आणि त्यात पहिला कागद तोच लावला.

१६ सप्टेंबर

छत्रपती संभाजीनगरचा मावसभाऊ हेच करतोय, आणि त्याचं चित्र आमच्याहून वेगळं आहे, म्हणून त्याचेही आकडे लिहिते. त्याची परवानगी आहे.

तो स्ट्रक्चरल इंजिनिअर. घर स्वतःचं, मीटर स्वतःच्या नावावर, वरच्या मजल्यावर ऑफिस. दोन ड्राफ्ट्समन पगारावर, त्यामुळे खर्च निम्म्याहून जास्त आणि तो वह्या ठेवून पूर्ण हिशोबावर विवरणपत्र भरतो. उत्पन्न सतरा लाखांच्या घरात, जीएसटी नोंदणी आहे. पाच किलोवॉट, मूळ किंमत २,६०,०००, जीएसटी २३,१४०. ऑफिसचा हिस्सा सबमीटरप्रमाणे ४० टक्के.

त्याला घसाऱ्याचा खरोखर उपयोग आहे, पण पूर्ण किमतीवर नाही. आधी सबसिडी वजा. सरकारने भरलेला किमतीचा भाग घसाऱ्याच्या किमतीत धरता येत नाही. २,६०,००० उणे ७८,००० म्हणजे १,८२,०००. त्यातला धंद्याचा हिस्सा ४० टक्के, ७२,८००. यंत्र घर आणि धंदा दोन्हीसाठी वापरलं तर योग्य त्या हिश्श्याचाच घसारा मिळतो. जीएसटी क्रेडिट ४० टक्के, ९,२५६. ज्या कराचं क्रेडिट घेतलं तो किमतीत धरून त्याच्यावर पुन्हा घसारा घ्यायचा नाही, म्हणून तो ७२,८०० मध्ये नाही.

पहिल्या वर्षीचा ४० टक्के घसारा २९,१२०. त्याच्या २० टक्के टप्प्यात सेससह वाचणारा कर ६,०५७ रुपये. पाच किलोवॉटच्या प्लँटवर एवढाच. २,८३,१४० ला ४० टक्के लावून बघणाऱ्यांनी हा आकडा नीट पाहावा.

त्याची घाई वेगळी आहे. यंत्र घेतलं त्या आर्थिक वर्षात ते १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्या वर्षी घसारा अर्धाच मिळतो. ३ ऑक्टोबर ते ३१ मार्च मोजले तर बरोबर १८० दिवस. म्हणजे ३ ऑक्टोबरला प्लँट सुरू झाला पाहिजे. बिलाची तारीख चालत नाही, प्रत्यक्ष वापराची लागते. आणि नवा जीएसटी दर २२ सप्टेंबरला. मधे अकरा दिवस, त्यात नवरात्र. त्याने विचारलं, जुन्या दराने आत्ताच उरकून घेऊ का?

मी त्याला पाटीवर मांडून पाठवलं. जुन्या दराने १२,७४० जास्त जातील. त्यातले ४० टक्के क्रेडिटमध्ये परत येतील, उरलेले ७,६४४ कायमचे गेले. उलट अर्धा घसारा चुकला तर यंदा ३,०२८ रुपये कर जास्त, पण तो बुडत नाही. न घेतलेला घसारा शिल्लक किमतीत राहतो आणि पुढच्या वर्षांत मिळतो. एक पैसा गेलेला, दुसरा उशिरा येणारा. त्याने थांबायचं ठरवलं.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. नवा दर आजपासून. वेंडरला माल पाठवायला सांगितलं.

२४ सप्टेंबर

काम बंद. तीनचार दिवस पाऊस नुसता कोसळतोय. मांजरा, तेरणा पात्र सोडून वाहतायत. धाराशिव, बीडकडून येणाऱ्या बातम्या ऐकवत नाहीत. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली, जनावरं वाहून गेली. आमचं स्ट्रक्चर करणारा वेल्डर नदीकाठच्या गावचा. त्याच्या घरात पाणी शिरलंय. त्याला कामावर ये म्हणून फोन केला नाही, पोरांच्या शाळेचे कपडे आमच्याकडून घे म्हणून केला.

३ ऑक्टोबर

भावाचा प्लँट आज सुरू होणार नाही. पॅनल लागलेत, नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली दोन्ही वीज मोजणारा मीटर, बाकी आहे. १८० दिवसांची तारीख गेली.

१३ ऑक्टोबर

स्ट्रक्चर उभं राहिलं. छतावर पाण्याची टाकी दक्षिणेला आहे, हिवाळ्यात तिची सावली पॅनलवर आली असती, म्हणून पाय उंच करून घेतले. त्याचे १६,५०० वेगळे. वेल्डरला रोख हवे होते आणि त्याची गरजही होती. निम्मे यूपीआयने त्याच दिवशी दिले, उरलेले काम झाल्यावर, तेही यूपीआयनेच. मामांच्या घरगुती प्लँटला याने फरक पडत नाही. पण घसारा घेणाऱ्याने लक्षात ठेवावं: एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली तर ती रक्कम यंत्राच्या किमतीत धरतच नाहीत. भावाने त्याचं स्ट्रक्चर, केबल, मजुरी सगळं बँकेतून दिलं ते याचसाठी.

१६ ऑक्टोबर

पॅनल, इन्व्हर्टर, अर्थिंग एका दिवसात झालं. बिल हातात आलं आणि परत पाठवलं. माझ्या उद्योगाच्या नावावर केलं होतं. वेंडरच्या माणसाला वाटलं, शिवणखोली दिसते म्हणजे ग्राहक तीच. मीटर, अर्ज, बिल आणि बँक खातं या चारही ठिकाणी एकच नाव हवं. नवीन बिल यायला दिवाळी मधे आली. पॅनलचे क्रमांक बिलावर आणि योजनेच्या पोर्टलवर सारखे आहेत का, तेही ताडून घेतलं.

भावाचं बिल त्याच्या नावाने आहे आणि खाली त्याचा जीएसटी क्रमांक. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायात माणूस आणि धंदा यांचा पॅन एकच, त्यामुळे त्याला दोन नावांचा घोळ नाही. आमच्यासारखं सासऱ्यांचं मीटर आणि सुनेचा धंदा असेल तिथेच हा प्रश्न येतो.

२९ ऑक्टोबर

नेट मीटर लागला, प्लँट सुरू. दुपारी दोन वाजता मशीन चालू असताना मीटर उलट्या बाजूने मोजत होता. बायका काम थांबवून बघायला आल्या.

तीन किलोवॉटला जोडणी शक्य आहे का याचा कोणताही तांत्रिक अभ्यास लागला नाही; दहा किलोवॉटपर्यंत तो लागत नाही असा नियम फेब्रुवारी २०२४ पासून आहे.

२६ नोव्हेंबर

७८,००० मामांच्या खात्यात जमा. निव्वळ खर्च १,०७,१३०, अधिक उंच स्ट्रक्चरचे १६,५००. एकूण १,२३,६३०. विजेचे वर्षाला तीस हजारांच्या आसपास वाचतील, म्हणजे चार वर्षांच्या थोडं पुढे-मागे रक्कम वसूल. या हिशोबात कराचा एक रुपया नाही. जीएसटीचा दर कमी झाला तेवढाच कराचा फायदा, आणि तो धंदा नसलेल्या घरालाही मिळालाच असता.

भावाचीही सबसिडी आली. त्याच्या ऑफिसातल्या मुलाने ती ‘इतर उत्पन्न’ म्हणून वहीत चढवली होती. धंद्याच्या ४० टक्के हिश्श्याची सबसिडी, ३१,२००, यंत्राच्या किमतीतून आधीच वजा केली आहे. तीच पुन्हा उत्पन्नात दाखवली तर एकाच रकमेवर दोनदा मार बसतो. त्याच्या सीएंनी नोंद बदलून घेतली.

१८ जानेवारी २०२६

थंडीत रोज अकरा-साडेअकरा युनिट. तुरीच्या राशी चालू आहेत, भुस्सा आणि धूळ पॅनलवर बसते. बोअरचं पाणी जड, वाळल्यावर पांढरे डाग राहतात; नळाचं पाणी आलं त्या दिवशी सकाळी, पॅनल गार असताना धुते.

एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नाही. जादा युनिट खात्यात साठतात, पण आर्थिक वर्षाच्या शेवटी, ३१ मार्चला, उरलेले युनिट ठरलेल्या दराने विकत घेतले जातात आणि खातं शून्यावर येतं. तो दर आपण भरतो त्या घरगुती दराहून बराच कमी. आमचा वापर एप्रिल ते जूनमध्ये सगळ्यात जास्त, युनिफॉर्मचा हंगाम. आणि साठा तयार होतोय हिवाळ्यात. म्हणजे ज्या दिवशी मशीन दुपटीने चालायला लागणार त्याच्या आदल्या दिवशी साठा जाणार. हंगामी धंदा असेल तर प्लँट मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये सुरू होईल असा बेत करा. घसारा घेणाऱ्यालाही एप्रिलमध्ये सुरू केलेला बरा, १८० दिवसांची चिंताच राहत नाही.

यंदा हाताशी असलेलं एवढंच, की कापड आधी आणून निम्मे शर्ट फेब्रुवारी-मार्चमध्ये शिवून ठेवायचे. कापडात पैसे अडकतात, पण बायकांना त्या महिन्यांतही काम मिळतं. करून बघते.

३१ मार्च २०२६

साठा जवळपास सहाशेवर गेला असता. लवकर शिवल्यामुळे चारशेच्या आत आला.

माझ्या वर्षअखेरीच्या कागदांत पॅनल कुठेच नाहीत, ४४ एडी नेहमीसारखं. वीज नियामक आयोगाच्या मर्यादेसाठी वर्षभराचे रीडिंग मात्र फाइलला लावले. मामांच्या फाइलमध्ये बिल, भेटीचा कागद, नेट मीटरचा करार, सबसिडीची नोंद.

भावाने अर्धा घसारा घेतला, १४,५६०. शिल्लक ५८,२४०. पुढच्या वर्षी त्यावर ४० टक्के, २३,२९६. पूर्ण घसारा यंदा मिळाला असता तर पुढच्या वर्षी १७,४७२ च मिळाले असते. राहिलेली रक्कम कशी मागून येते ते यात दिसतं. उद्यापासून नवा आयकर कायदा लागू होतोय, कलमांचे क्रमांक बदलतील. म्हणून वर मी क्रमांक कमी आणि नियम जास्त लिहिलेत. यंदाचं विवरणपत्र जुन्याच कायद्याने जाईल.

नणंदेचा औशाहून फोन होता. तिच्याकडे पिठाची गिरणी आणि मिरची कांडप, घराला लागूनच, पण गिरणीचं मीटर वेगळं, औद्योगिक. तिला वाटत होतं आपल्यालाही ७८,००० मिळतील. त्या मीटरला मिळणार नाहीत. तिच्या घराचं मीटर वेगळं आहे, त्यावर मिळतील, पण त्यातून गिरणी चालवता येणार नाही. तिला दोन्ही मीटरची बारा महिन्यांची बिलं आणि गेल्या वर्षीचं विवरणपत्र घेऊन रविवारी बोलावलंय.